पडद्यातला सान मिगेल

"पडदा कसा निवडावा ते एवारिस्तोकडून शिका! आजवर मला कुणी फसवलंय का, विचारा अख्ख्या बोनाओ गावात!"

एवढं बोलून एवारिस्तोने तो अगडबंब जुना टीव्ही बैठकीच्या भिंतीवर टांगला. टीव्ही खिळ्यांसकट खाली आला आणि त्याच्याच अंगठ्यावर बसला. टीव्हीला काही झालं नाही.

त्याची बायको सुनिल्दा बर्फ घेऊन आली, पण तोंड बंद ठेवलं नाही. "कॅमेरेवाल्याने काय सांगितलं होतं? छोटा आणि नवा मॉनिटर घ्या, जुना नको. ऐकलंस?"

"छोटा? शेजारचे हसतील ना!"

सुनिल्दाला शेजाऱ्यांच्या हसण्याची नाही, बॅटऱ्यांची काळजी होती. ती चिंचेच्या, नारळाच्या बर्फकांड्या विकायची. बोनाओत वीज येते ती जायलाच. मग फ्रीजर चालतो इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर चालतो मागच्या अंगणातल्या बॅटऱ्यांवर. गल्लीत बॅटरीचोर सुटले होते. आपल्या बॅटऱ्या गेल्या की धंदा वितळला, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तर पाळतीच्या कॅमेऱ्यांचा खर्च, आणि त्यांची चित्रं बघायला हा टीव्ही.

टीव्ही दुसऱ्यांदा नीट टांगला आणि त्याच संध्याकाळी चमत्कार झाला. अंगणाच्या अंधारलेल्या चित्रात एक धूसर आकृती उभी होती. पसरलेले पंख, डोक्यावर मुकुट आणि उगारलेला हात.

"सान मिगेल!" एवारिस्तो लंगडत ओरडला. "देवदूतांचा सेनापती तलवार घेऊन पहाऱ्याला आलाय!"

रविवारपर्यंत घराची जत्रा झाली. संताच्या रंगांचे हिरवे-लाल रुमाल, मेणबत्त्या, त्याला वाहायचे चिरूट. आणि गर्दी म्हटल्यावर पापा ब्येन्वे आलाच. ह्याच्या अंगात सान मिगेल येतो. रमची बाटली उघडली की जरा लवकर येतो.

डोळे फिरवत तो घुमला, "देवदूताला उजेड सहन होत नाही! अंगणातला दिवा काढा!"

"मग चोर कसा दिसणार?" सुनिल्दाने विचारलं.

"सुनिल्दाबाई, प्रत्यक्ष सान मिगेल राखणीला असताना चोर बघून काय करायचंय?"

टाळ्या पडल्या. एवारिस्तोने दिवा काढला.

"आणि नैवेद्य?" एका म्हातारीने हात जोडून विचारलं.

"तळलेली कोंबडी. मांडीचा तुकडा. वर रम."

संताच्या वतीने मांडी पापा ब्येन्वे खायचा. संताच्या वतीने ढेकरही तोच द्यायचा.

असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सुनिल्दाची भाची योकास्ता आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली.

"मावशी, अंगणात एवढा मोठा पंखवाला उभा आहे, मग कुत्रा भुंकत का नाही?"

"कुत्रा भाविक आहे," एवारिस्तो म्हणाला.

योकास्ताने पडद्यावर रस्त्याचा कॅमेरा लावला. संत रस्त्यावर, त्याच जागी, त्याच ऐटीत. स्वयंपाकघराचा लावला. संत फ्रीजरवर.

"सर्वव्यापी आहे तो!" म्हातारी रडायलाच लागली.

"अंगणातल्या कॅमेऱ्यातून शिरतो आणि वायरींतून घरभर फिरतो!" पापा ब्येन्वेने ठोकून दिलं.

"वायरींतून ना? बरं." योकास्ताने कॅमेऱ्यांच्या सगळ्या वायरी उपटल्या.

चित्रं गेली, राहिला नुसता करडा पडदा. आणि संत? तो तर आता आणखी स्पष्ट दिसायला लागला. मुकुटाखाली चोच होती. उगारलेल्या हातात तलवार नव्हती, तळलेली तंगडी होती. पायाशी अक्षरं होती: 'दोन तुकड्यांवर तळलेली केळी फुकट.'

"काका, हा टीव्ही आणलात कुठून?"

एवारिस्तो पुटपुटला, "पापा ब्येन्वेच्या मेहुण्याचं कोंबडीचं दुकान बंद पडलं ना... तिथून."

"म्हणजे ही त्या दुकानाची जाहिरात. वर्षानुवर्षं तेच चित्र चालू ठेवलं, त्याने पडदा झिजला आणि कायमचा डाग पडला. उजेडाच्या चित्रात तो लपतो, अंधारात उठून दिसतो. म्हणून ह्यांना दिवा नको होता. दुकान ह्यांच्या मेहुण्याचं, ह्यांनी कोंबडी ओळखली नसेल?"

म्हातारीने हातातली ताटली बघितली. "म्हणजे मी तीन रविवार कोंबडीला कोंबडी वाढली?"

"संत कोणत्याही रूपात..." पापा ब्येन्वेने सुरुवात केली.

"थांब, तुलाच तळते!" म्हातारीने ताटली उगारली.

पापा ब्येन्वे पळाला. रमची बाटली मात्र विसरला नाही.

योकास्ता खुर्चीवर चढली. "ज्याला संत मानायचा त्याने मानावा, माझं भांडण नाही. पण कुणी दिवा घालवा म्हणालं की आधी विचारा, का? आपल्या हाताने तपासून बघा. खरं असेल ते तपासल्याने पळून जात नाही. आणि कॅमेरे चोर बघायला लावलेत ना? मग चोरच बघा!"

टाळ्या कडाडल्या. सगळ्यात जोरात एवारिस्तोने वाजवल्या. त्याला म्हणे पहिल्यापासून संशय होता.

तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर लागला नाही.

सुनिल्दा मेणबत्ती घेऊन मागच्या अंगणात धावली. कापलेल्या तारा लोंबत होत्या. बॅटऱ्या नव्हत्या. रेकॉर्डिंगही नव्हतं, कॅमेऱ्यांच्या वायरी योकास्ताच्या हातात होत्या.