वडीलधारं कोण?

काकासाहेबांनी फवारणीचा पंप पाठीला अडकवला आणि अंगणातल्या लिंबोणीवर नुसत्या पाण्याचा फवारा सोडला. पानांवरून काळे ओघळ उतरू लागले. झाडाला कीड नव्हती, पण न्हाऊ घालणं भाग होतं. केदारखेड्याचे पाहुणे निघाले होते आणि त्यांच्यापुढे काळं झाड नको, असं बायकोनं, सोनूबाईंनी पहाटेच बजावलं होतं. पत्रे कालच धुतले होते. रात्रीतून शेजारच्या लोखंडाच्या भट्ट्यांची काजळी त्यांच्यावर पुन्हा बसली होती. पण गरजवंताला अक्कल नसते. गावाचं नाव ऐकूनच पोराची, अंगदची दोन स्थळं माघारी गेली होती, हे तिसरं हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

“खोकला आला तर आत या,” सोनूबाई म्हणाल्या. “बैठकीत खोकू नका.”

“खोकला काय इचारून येतो का?”

तरी त्यांनी तोंडात लवंग धरली.

पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत होते. आज फक्त सुपारी फोडायची होती. दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांनी समोरासमोर बसायचं आणि शब्द द्यायचा, एवढंच काम. मुलीचे आजोबा अण्णासाहेब जीपमधून कोणाचा हात न धरता उतरले. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण पाठ ताठ. मागून मुलीचे वडील रामकिसन उतरले. सतरंजीवर बसल्यावर अण्णासाहेबांनी सुपारी मधोमध ठेवली.

“हं, बसवा तुमचं वडीलधारं.”

काकासाहेब समोर बसले.

“तुम्ही न्हाई हो. तुम्ही तर पोराचे बाप. वडील, चुलते, भावकीतलं कोणी म्हातारं असंल ना?”

दारात भावकी उभी होती. सगळे चाळिशी-पंचेचाळिशीचे. एकेकाची नजर खाली गेली.

“मीच हाय, अण्णा. माझ्याहून मोठं कोणी राह्यलं न्हाई.”

अण्णासाहेबांना ती थट्टाच वाटली. त्यांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं.

“अन् हे? धाकले भाऊ का तुमचे?”

“माझे वडील हायेत ते.”

फोटोतल्या मिशा काळ्याभोर होत्या, काकासाहेबांच्या पांढऱ्या. पहिली भट्टी पेटली तेव्हा वडील तिथं कामाला लागले आणि पन्नाशी न पाहता गेले. शेवटी शेवटी दोन उशांना टेकून झोपायचे. आडवं झालं की दम कोंडायचा. आपण बापाहून कधी म्हातारे झालो, हे काकासाहेबांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. त्यांना एकाएकी फार पोरकं वाटलं.

अण्णासाहेब मोठ्या मनाचे होते. ते म्हणाले, “बरं, तुम्हीच बसा. वयाचं काय घेऊन बसायचं? पोरगा चांगला हाय.”

दारामागे सोनूबाईंच्या बांगड्या वाजल्या. साखर वाटायला त्यांनी ताट उचललं होतं. अण्णासाहेबांचा हात सुपारीकडे गेला, तोच काकासाहेबांनी तिच्यावर आपला तळवा ठेवला.

“थांबा, अण्णा. पोरगी हितं देऊ नका.”

“अवो!” दारामागून आवाज आला.

काकासाहेबांना खोकला आला. ते आत गेले नाहीत, तिथेच सगळ्यांसमोर खोकले. मग रामकिसनकडे वळले.

“पोरीला भाऊ न्हाई तुमच्या. वावर हाय, इहिरीला पाणी हाय. माझं पोरगंच घेऊन जा. घरजावई करा त्याला.”

रामकिसननं बापाकडे पाहिलं. सासुरवाडीला राहिलेल्या एका चुलतभावाची काकासाहेबांनी पारावर बसून वर्षानुवर्षं टिंगल केली होती, आणि तो किस्सा दारातल्या प्रत्येकाला पाठ होता.

“आबा, लोकं हसतील,” अंगद म्हणाला.

“हसू दे. तू म्हातारा हो, म्हंजे झालं.”

अण्णासाहेबांनी दाराकडे पाहून हळूच विचारलं, “बाई, तुमचं काय म्हणणं हाय?”

सोनूबाई पदर सावरत पुढे आल्या. एकुलत्या एका पोराला निरोप द्यायचा, तर त्या रडतील, भांडतील, असं काकासाहेबांना वाटलं होतं. सोनूबाईंनी साखरेचं ताट खाली ठेवलं.

“न्या,” त्या म्हणाल्या. “फक्त झोपताना त्याला दोन उशा लागतेत. तेवढं बघा.”

काकासाहेबांचा हात सुपारीवरून निसटला.

“कवापासून?” त्यांनी अंगदला विचारलं.

अंगद आजोबांच्या फोटोखाली उभा होता आणि अंगणातल्या धुतलेल्या लिंबोणीकडे बघत होता.