अप्पांचा भीमपलास

जगदेवीला बसवेशचा संशय आला तो दाराच्या कडीवरून. साखर पेठेतल्या तिच्या घरच्या संगीत विद्यालयात वर्गाला आतून कडी लावायची पद्धत नव्हती. तिच्या वडिलांनी, गुरप्पांनी, विद्यालय काढलं तेव्हापासून शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात मुलं सूर लावत आली होती, तीही उघड्या दाराने.

आता अर्धांगवायूने अप्पांची वाचा गेली होती. दुधनीहून आलेला हा नवा गायनशिक्षक बसवेश रोज दुपारी त्यांची चाकाची खुर्ची मागच्या खोलीत न्यायचा आणि कडी लावून घ्यायचा.

"तेवढाच अप्पांना विरंगुळा, अक्का."

जगदेवीच्या मनात नाही नाही ते यायचं. अंगठा तर घेत नसेल कशावर? परवाच त्याने विद्यालयाची जागा कुणाच्या नावावर आहे, असं सहज विचारलं होतं. तिने अप्पांची बोटं उलटसुलट करून पाहिली. शाई नव्हती. अप्पा नुसते हसले. तेही तिला खटकलं.

एका दुपारी तिने दाराला कान लावला. आत कुणीतरी भीमपलास गात होतं. आवाज चिरका, पण सुरावरून सुरावर जाण्याची ती ढब तिने ओळखली. तिने दार बडवलं.

बसवेशने कडी काढली. गात होते अप्पा! एक शब्द बोलता न येणारे अप्पा बंदिशीचे बोल स्पष्ट म्हणत होते. त्यांच्या गुरूंची बंदिश. "तुझी तयारी झाली की देईन," म्हणत त्यांनी ती लेकीलाही दिली नव्हती.

तिला रडू फुटलं. तेवढ्यात अप्पांच्या शालीखाली उजेड दिसला. फोन होता. रेकॉर्डिंग चालू.

"हे कशाला?"

"पुन्हा आठवंल का न्हाई, म्हणून..."

"मग मला का नाही सांगितलं?"

बसवेशची मान खाली गेली. "पुण्याच्या स्पर्धेत मला गायची होती. पहिल्यांदा मीच. सांगितलं असतं तर तुमीच गायला असता की."

तिने फोन काढून घेतला. चालता हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण अप्पांना गातं यानेच केलं होतं. ती घुटमळली.

अप्पांनी चांगल्या हाताने खुर्चीवर थाप मारली आणि तिच्याकडे बघत पहिल्यापासून सुरू केलं. जगदेवी खाली बसली, मागून म्हणू लागली. चुकली की थाप पडायची.

बसवेश नोकरीत राहिला. स्पर्धेत तो दुसरंच काही गायला. विद्यालयाच्या वर्धापनदिनी बंदिश जगदेवी गायली. तानपुऱ्यावर बसवेश होता. गाता गाता दोनदा तरी तिची नजर त्याच्या खिशातल्या फोनकडे गेली.