सोनकीचा घाट आणि हायवे

भाद्रपद उतरणीला लागला होता आणि सह्याद्रीच्या सड्यावर, माथ्यावरच्या कातळपठारावर, सोनकी फुलून पेटली होती. पिवळा माथा, पिवळी उतरण, पिवळ्या कुशीत ओलं, कोवळं, केशरकांती ऊन. ढग यायचे, सड्यावर जरा टेकायचे आणि अंगाला हळद लागल्यासारखे हळूच निघून जायचे.

त्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात, जयवंतने मोटारसायकल थांबवली. मागे शालन होती, त्याची नवी बायको. चार दिवस माहेरी, लिंबला निघालेली.

नवी म्हणजे किती नवी? वैशाखात लग्न झालं. ज्येष्ठ पाहुण्यांत गेला, आषाढ माहेरी गेला, श्रावण सणांत सरला. भरल्या घरात दोघांना एकांत असा नव्हताच. तिच्या तोंडून त्याने ऐकलं होतं ते 'हो', 'बरं' आणि 'तुम्ही म्हणाल तसं'. मेघगर्भ आभाळासारखी ती भरून होती आणि थेंबभर गळत नव्हती. ते आभाळ आज बोलावं, एवढीच त्याची आस.

म्हणून तर घाट. निघताना वहिनी दारात हसली होती, "भावजी, घाटानंच जावा, निवांत, बोलत-बोलत. हायवेला काय, नुसतं भुर्रर्र!" मनातल्या मनात त्याचा शालनला सगळा सडा दाखवूनही झाला होता: ही सोनकी, हा तेरडा, ही पवनचक्क्यांची शुभ्रपंखी रांग.

तरी हँडल वळवता वळवता त्याने विचारलं, "घाटानं जायचं, का हायवेनं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

त्याने इंजिन बंद केलं. डोंगर एकदम जवळ आला. "मी काय बी म्हणत न्हाय. तू म्हण."

लग्नाचा शालू तिला न विचारता आला होता. लग्नाची तारीखही. तिने दोन्ही फाट्यांकडे पाहिलं.

"हायवेनं."

"आगं, तिथं बघाय काय हाय? ट्रकचं ढुंगण?"

ती फस्सकन हसली, लगेच सावरली. "डोंगर माहेरीबी हाय, सासरीबी हाय. मला एकदा जोरात जायचंय."

जयवंतने सोनकीकडे पाहिलं. भरल्या ताटावरून उठावं तसं मन उठलं. मग त्याने हँडल सरळ केलं.

उंब्रजला हायवे लागला. लांब, रुंद, उन्हाने लखलखणारा. काटा चढत गेला, वारा अंगावर नदीसारखा आला, आणि त्या नदीत मागून एक शब्द पडला, "आनखी!"

जयवंतने हेल्मेटची काच वर केली. डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानेच असेल.

मग ती बोलू लागली. ओरडून, मोकळ्या गळ्याने, जसं घरात कधी बोलता येत नाही तसं. शाळेच्या शर्यतीत पळायची ते. वडिलांनी तिचं पळणं बंद केलं ते. रात्री सासूबाईंचं घोरणं ऐकून उशीत तोंड घालून हसते तेही. अर्धं वारा नेत होता, अर्धं त्याच्या कानी येत होतं, आणि अर्ध्यानेच तो काठोकाठ भरत होता.

"अवं, लिंबचा फाटा गेला!"

त्याने वेग उतरवला.

"जाऊ द्या," ती म्हणाली, "पुढनं वळू."

आणि दुभाजकातली कण्हेर मागे मागे वाहत राहिली. गुलाबी, गुलाबी, नुसती गुलाबी.