बाहेरच्या चार पिसांची नोंद

मी एक नोंदवही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. माझा मालक बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. सगळे त्याला दादा म्हणत. मीही तेच म्हणते.

दादाला वेड एकच, कुरवांचं. धक्क्यावर मासळी उतरली की हे समुद्रपक्षी कलकलाट करत तुटून पडत. पूर्ण वाढलेला कुरव कोणीही ओळखेल. खरी परीक्षा लहान वयाच्या कुरवांची. सगळे मातकट, ठिपक्यांचे, आणि रूप तीन-चार वर्षं बदलत राहतं. त्यात दोन जातींच्या संकरातून झालेलं पिल्लू समोर आलं, की भलेभले तोंडघशी पडतात. "पिल्लाला घाईने नाव ठेवू नये," दादा म्हणायचा.

एका हिवाळ्यात, जेवणाची सुट्टी संपता संपता, जाळ्यांच्या ढिगावर एक फिकट पिल्लू उतरलं. उत्तरेकडचा पांढऱ्या पंखांचा कुरव? त्या किनाऱ्यावर तो कोणी कधी पाहिलाच नव्हता. दादाने लांबून एक धूसर फोटो काढला आणि गारठलेल्या बोटांनी माझ्यात लिहिलं : 'पंखांची टोकं फिकट. पण बाहेरच्या चार पिसांवर तपकिरी छटा. चोचीचं काळं टोक एकदम संपत नाही, गुलाबीत मिसळतं. संकर असू शकेल. खात्री नाही.'

संध्याकाळी त्याची धाकटी बहीण आली. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. पक्षीनोंदींच्या समितीकडे जाणारे त्याचे अर्ज तीच भरायची.

"दादा, तोच आहे हा! पाठवूया."

"छोटे, पिसांवर छटा आहे गं."

"उन्हाने दिसली असेल. जन्मभर बर्फ फोडलास, एकदा तरी तुझं नाव छापून येऊ दे की!"

दादा नुसता हसला. छोटीने पंखांची फिकट टोकं अर्जात उतरवली. 'पण'पासून पुढचं सगळं गाळलं.

नोंद मान्य झाली. किनाऱ्यावरची पहिली! वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, समितीच्या छापील यादीचं ते पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं. कोणी कौतुक करायला लागलं, की दादा चहाचं विचारायचा. काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने तो गेला.

गेल्या वर्षी समितीने जुन्या नोंदी पुन्हा तपासायला काढल्या. पक्षी संकर नव्हता, असं दाखवता आलं तरच नोंद टिकणार होती. तोवर छोटी स्वतः समितीत होती. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या भावाची आहे. तुम्ही बाजूला बसा, आम्ही राहू देतो."

ती तडक वहिनीकडे आली. मला कपाटातून काढून तिने उभ्याउभ्याच वाचलं.

"दादाने बरोबर लिहिलं होतं, वहिनी. मी गाळलं. नोंद मागे घ्यावी लागेल."

"माणूस गेलं, वन्सं. आता कुणाचं काय अडलंय? भिंतीवर तेवढंच तर आहे त्यांचं."

"भिंतीवरचं माझं आहे, वहिनी. त्याचं हे आहे." तिने मला पुढे केलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घेऊन जा," म्हणाली, आणि आत निघून गेली.

छोटीने समितीपुढे सगळं कबूल केलं आणि राजीनामा दिला. नोंद रद्द झाली. त्या दिवसापासून नणंद-भावजयीत बोलणं नाही. छोटी दोनदा त्या घराच्या पायरीपर्यंत जाऊन परत फिरली, असं ती मला इथे ठेवायला आली तेव्हा कारकुनाला सांगत होती.

आता मी समितीच्या लोखंडी कपाटात आहे. पाठीवर क्रमांक चिकटवलाय. माझी पानं पिवळी पडताहेत, शिसपेन्सिलीची अक्षरं पुसट होताहेत.

तुमच्यापैकी कोणी हे कपाट उघडलंत, तर अक्षरं आहेत तोवर मला एकदा वहिनीकडे न्या. छोटीने सांगूनही, नोंद रद्द झाली म्हणजे आपला नवराच चुकला, असं ती धरून बसली असेल. तेवढं एक पान तिच्यासमोर उघडा. पक्ष्यांतलं तिला काही कळत नाही. पण अक्षर ती ओळखेल.