सगळेच नवे

शहरबानूला तो अमेरिकन फुटबॉल शेवटपर्यंत कळला नाही. लांबुळका चेंडू, तोंडावर लोखंडी जाळी आणि दर मिनिटाला माणसांचा ढीग. असल्या ढिगाखाली पोराला घालायला रत्नागिरीहून दुबईला आलो का, म्हणून तिने नवऱ्याचं, इद्रीसचं, डोकं खाल्लं होतं. पण अर्श अमेरिकेतल्या कॉलेजचा क्वार्टरबॅक झाला, पेपरात फोटो झळकले, तशी तीच येईल त्याला ऐकवू लागली, "कोणी कुठे पळायचं, ते सगळं माझ्या लेकाच्या डोक्यात असतं."

त्याच डोक्याला तिसऱ्यांदा मार बसला. खेळ सुटला. हातपाय धड राहिले, माणसांची नावं आणि चेहरे तेवढे डोक्यातून गेले.

दर सुट्टीत दुबईला आला की अर्श मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात जायचा. कामगारांना चेंडू फेकायला शिकवायचा, रमजानात इफ्तार वाढायचा. प्रत्येकाला नावाने हाक मारायचा, आणि कॅम्पाला त्याचंच अप्रूप होतं. यंदाही जायचंच म्हणून तो हटून बसला. खेळ सुटला तो खांद्याच्या दुखण्याने, असं शहरबानूने सगळीकडे सांगितलं होतं. आता पितळ उघडं पडणार, या धास्तीने ती दालच्याच्या पातेल्यापाशी त्याला खेटून उभी राहिली आणि रांगेतल्या एकेकाला मोठ्याने बोलावू लागली.

"या, बदरुद्दीनभाई!"

लगेच अर्श म्हणे, "कैसे हो, बदरुद्दीनभाई?"

बरं चाललं होतं. मग एक दाढीवाला पुढे आला. त्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. अर्शची पळी हवेतच थांबली. ओठ हलले, नाव येईना.

दाढीवाल्याने शहरबानूकडे एकदा पाहिलं. "मैं नया हूँ, सर. अर्सलान नाम है."

त्याच्या अंगात अर्शच्याच कॉलेजची विटलेली जर्सी होती. मागे एकदा ती इथेच कुणाला तरी देऊन अर्श बनियनवर घरी आला होता, तेव्हा शहरबानूनेच त्याला झापलं होतं.

मागच्याने ऐकलं. "हम भी नये हैं, सर." मग त्याच्या मागचा. कॅम्पातच केस पिकलेले बाप्ये नवे होऊन येत राहिले. अर्श खुलला, हात मिळवून प्रत्येकाचं नाव विचारू लागला. शहरबानूला रडू आवरेना. ओढणी तोंडाशी धरून ती रिकामी भांडी गोळा करू लागली.

गाडीत बसल्यावर अर्श म्हणाला, "ऑल न्यू पीपल, अम्मी. बाकीचे जुने सगळे कुठे गेले?"

"गावी गेले, बेटा."

त्याने वळून मागे पडणाऱ्या कॅम्पाकडे पाहिलं.

"मला न भेटताच?"