सहापैकी पाच हात वर

चष्मेवाल्या सरांना व्हॉलीबॉलमधलं फार कळतं, असं त्यांचा मित्रही म्हणाला नसता; आणि त्यांना शत्रू तर नव्हताच. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवून "आता खालची ओळ वाचा" म्हणायचं आणि संध्याकाळी शटर ओढून सार्वजनिक हॉलमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलींना खेळ शिकवायचा, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. मुली सरळ मनाच्या निघाव्यात, एवढीच त्यांची हाव. मन सरळ झालं की चेंडूही सरळ जाईल, अशी त्यांची श्रद्धा होती. श्रद्धा फार मोठी गोष्ट आहे हो. चेंडू मात्र अजून सरळ जात नव्हता.

सरावाआधी सर दहा मिनिटं बोलत. निम्मं बोलणं, निम्मं गाणं. रंगात आले की हाताने ताल धरत आणि शेवटचं वाक्य तीनदा, तीन निरनिराळ्या सुरांत म्हणत. या वर्षी त्यांचा विषय एकच होता: आपली चूक आपण सांगायची. समोरच्यांनी मारलेला चेंडू बाहेर जाता जाता आपल्या बोटाला चाटून गेला तर गुण त्यांचा. पंचांना ते दरवेळी दिसतं असं नाही. म्हणून जिला लागला तिने स्वतः हात वर करायचा. आणि जी हात वर करील तिच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

त्या टाळ्यांनी घोळ केला. पोरींना गोडी लागली. स्मॅश मारून टाळ्या मिळवायच्या तर स्मॅश यावा लागतो; चूक कबूल करायला फक्त हात लागतो. महिनाभरात त्या मैदानाबाहेरही हात वर करू लागल्या. एकीने पाहुण्यांसमोर हात वर करून सांगितलं, की बिस्किटं मऊ पडलीत हे आईला माहीत आहे. दुसरीने शाळेत खिडकीची काच फोडल्याचं कबूल केलं. ती काच तिचं शाळेत नाव घालायच्या आधीच्या वर्षी फुटलेली होती. मुख्याध्यापकांनी दुकानात येऊन सरांना हे सांगितलं, तेव्हा सरांचे डोळे भरून आले. त्यांनी त्यातलं मर्म तेवढं घेतलं, तारीख सोडून दिली.

एकच मुलगी हात वर करत नसे. तिला सगळे वकील म्हणत, कारण ती "का?" विचारल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही. सरावात सर तिला विचारत, "तुझ्याकडून कधीच काही चुकत नाही का गं?" ती म्हणायची, "चुकतं. पण आत्ता नाही चुकलं." सरांना याचं फार वाईट वाटे. एवढी हुशार पोर, पण मनात अहंकार, असं ते बायकोला सांगत. बायको म्हणायची, "अहो, ती खरं बोलत असेल." सर मान हलवून जेवायला बसत.

इकडे संघ आठ सामने खेळला आणि आठही हरला. हॉलच्या अध्यक्षबाई औषधांच्या दुकानाच्या मालकीण, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की सहा ते सात ही वेळ व्यायामनृत्याच्या वर्गाला हवी आहे, तिथे चाळीस बायका थांबल्यात. नवव्या, शेवटच्या सामन्यात तुमच्या मुली जिंकल्या तर वेळ तुमची, नाहीतर त्यांची. दुसरा हॉल गावाबाहेर होता. तिथे कोणाच्या आईने मुलगी पाठवली नसती. म्हणजे हरले की संपलं. सरांनी हे मुलींना सांगितलं नाही. त्यामुळे अर्थातच सगळ्यांना माहीत होतं.

सामना आपल्याच हॉलमध्ये झाला. देवाची करणी बघा, पहिला सेट गेला, दुसरा आला, आणि तिसऱ्यात आपण चौदा आणि त्या तेरा. एक गुण, की हॉल आपला. सर्व्हिस त्यांची. अध्यक्षबाई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. चेंडू चार वेळा इकडून तिकडे गेला, मग त्यांच्या उंच मुलीने उडी घेऊन असा मारला की तो आपल्या मुलींच्या डोक्यावरून थेट भिंतीवर आदळला. बाहेर. पंचांनी शिट्टी वाजवून गुण आपल्याला दिला. प्रेक्षकांतल्या आया उभ्या राहिल्या.

आणि आपल्या पाच मुलींनी हात वर केले.

पंच पेशाने दातांचे डॉक्टर. घाई नावाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. एका चेंडूला पाच अपराधी त्यांनी तीस वर्षांत पाहिले नव्हते. दाढ तपासायला बोलवावं तसं त्यांनी एकेकीला जवळ बोलावलं आणि कुठे लागला ते विचारलं. पहिली म्हणाली, करंगळीला. दुसरी म्हणाली, माझ्यापण करंगळीला. तिसरीला फक्त वारा लागला होता, पण जोरात लागला होता. चौथी सहा पावलं मागे उभी होती. चेंडू बाहेर जावा असं आपल्या मनात आलं, तो वाईट विचार होता, असं तिने सांगितलं. पाचवी कॅप्टन. तिचं म्हणणं, सगळ्यांनी हात वर केल्यावर कॅप्टनने खाली ठेवणं बरं दिसत नाही.

समोरच्या संघातल्या मुली एव्हाना एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होत्या.

पंच सहाव्या मुलीकडे वळले. वकील हाताची घडी घालून उभी होती.

"कोणालाच लागला नाही," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोरून गेला. या खोटं बोलतायत सर, पण अगदी मनापासून."

पंचांनी चष्मेवाल्या सरांना विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? आता इथे सरांचा जीव टांगणीला लागला. "लागला नाही" एवढे दोनच शब्द, की अकरा वर्षांचा नेम वाचत होता. आणि आत्ता, या क्षणी, त्यांना पक्कं कळलं होतं की ही पोर खरं बोलतेय. नुसतं आत्ता नाही, वर्षभर खरंच बोलत आलीय. पण स्वतः पाहिलेलं काही नव्हतं.

"मी डोळे मिटले होते," सर म्हणाले. "देवाचं नाव घेत होतो."

"चष्मेवाले तुम्हीच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

हॉल असा हसला की अध्यक्षबाईंची पर्स खाली पडली. पंचांनी शिट्टी वाजवून निकाल दिला: साक्षी जुळत नाहीत, गुण पुन्हा खेळा. समोरच्या मुलीने चेंडू घेतला, तोंड मिटलं, नाकातून श्वास घेतला, आणि चेंडू उडवता उडवता तिची नजर पहिल्या करंगळीवालीवर गेली. तिला जे हसू फुटलं, त्यात सर्व्हिस नेटच्या मधोमध जाऊन पडली.

पंधरा-तेरा. जिंकले.

सगळे नाचत असताना सर अध्यक्षबाईंकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, की हा विजय खेळाचा नाही, हसण्याचा आहे. तुम्हाला पटत नसेल तर वेळ त्या बायकांना द्या. बाईंनी पर्स झटकली. "मी जिंका म्हणाले होते. कशाने, ते मी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सोमवारी सहाला या. आणि डोळे उघडे ठेवा."

सोमवारी सर सहाला उभे राहिले. नेहमीसारखा ताल धरला नाही. म्हणाले, जे केलं नाही ते केलं म्हणणं हेही खोटंच, आणि हे मी तुम्हाला शिकवायला विसरलो. मग वकिलाकडे वळले.

"वर्षभर मी तुला गर्विष्ठ समजलो. चूक माझी होती. आणि ती सगळ्यांसमोर..." इथे जुनी सवय जागी झाली. तेच वाक्य ते दुसऱ्या सुरात घ्यायला लागले.

वकिलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"ठीक आहे सर, झालं ते झालं," ती म्हणाली. "पण सहा वाजून बारा मिनिटं झाली. आणि माझी सर्व्हिस अजून नेटच्या वरून जात नाही. ती चूक माझीच आहे. ती कधी शिकवणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा भाषण अर्ध्यावर सोडून चेंडू उचलला.