चैतालीचे उपवास

माझ्या चैतालीच्या उपवासांचं कौतुक अख्ख्या सिरसाळ्यात मीच वाटत फिरले, हे आधी सांगून टाकते. नवरात्र ती नुसत्या पाण्यावर करायची. मग सोमवार, गुरुवार, चतुर्थी असं करत करत आठवड्यात जेवायचा वारच उरला नाही. बारावीतली पोर, हातापायांच्या काड्या झाल्या, तरी मी म्हणायचे, "देवीनं निवडलंय तिला." बाया तिच्या पाया पडायच्या आणि मान माझी ताठ व्हायची. आई कसली, वैरीणच!

कॉलेजात चक्कर येऊन पडली तेव्हा तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई दोन दिवस तिच्याशी एकटीशी बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, हा उपवास नाही, आजार आहे. जाड होण्याची भीती मनात बसली आहे; उपवास म्हटलं की घरात कुणी जेवायला बसवत नाही, हे तिला कळलंय. पाच आठवडे ती तिथे होती. घरी सोडताना त्यांनी बजावलं, वेळच्या वेळी जेवण, तुम्ही शेजारी बसून तेच खायचं आणि तूर्त घरात कुणाचाच उपवास नको. पुन्हा खाणं सुटलं तर पुन्हा दवाखाना. मी मान डोलावली. गावात मात्र कावीळ झाली म्हणून सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

परवा एकादशी आली. बावीस वर्षांत मी एकही मोडलेली नाही. आजच्या दिवस चालेल, असं म्हणून तिला भाकरी-मेथी वाढली आणि समोर पाण्याचा तांब्या घेऊन बसले. हळूहळू तिनं अर्धी भाकरी खाल्ली. तेवढ्यात शेजारची मनकर्णाबाई राजगिऱ्याचे लाडू घेऊन आली.

"अगं बया! एकादशीला भाकर? चैताले, आमी तर तुझं नाव घेऊन पोरींना उपास शिकवितो की गं!"

चैतालीनं हातातला घास खाली ठेवला. मनकर्णाबाईकडे नाही, तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यापुढे ताटच नव्हतं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिच्या ताटातली भाकरी मोडली आणि तोंडात घातली.

"मनकर्णाबाई, तिला कावीळ न्हवती. न जेवायचा आजार हाय. आन् त्यो मी गावभर मिरवला."

मनकर्णाबाई लाडू ठेवून निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे मला ठाऊक होतं.

चैताली खालच्या आवाजात म्हणाली, "आई, तू बायांना माझं कवतिक सांगायचीस ना, सुरुवातीला तवा मला लई भूक लागायची."

"मग खाल्लं कावून न्हाईस गं?"

"तू लई खूश दिसायचीस."

एवढं बोलून तिनं ठेवलेला घास उचलला आणि खाल्ला. मी उठून माझं ताट वाढून घेतलं.